अर्धं बटण दाबून थांबा

मागच्या अंकात आम्ही खिशात मावणाऱ्या लहान डिजिटल कॅमेऱ्यांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. बाकीच्यांची उत्तरंही बहुतेक यांतच सापडतील, कारण अडचणी त्याच त्याच आहेत. मी अठरा वर्षं एका फोटो स्टुडिओच्या काउंटरवर काम केलं. लोक कार्ड आणून द्यायचे, मी ते संगणकाला लावायचे आणि त्यांच्याबरोबर एकेक फोटो बघायचे. चांगल्या फोटोंपेक्षा फसलेले फोटो जास्त पाहिले, आणि तो एक फोटो आला नाही म्हणून गप्प होऊन गेलेली माणसंही पाहिली. पुढे जे लिहिलंय ते तिथेच शिकले.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलीनं छोटा डिजिटल कॅमेरा भेट दिला. सोबतची माहितीपुस्तिका एवढी जाड आहे की उघडतानाच दडपण येतं. ऑटोवर ठेवून नातवाचे फोटो काढते. तो हसला की मी बटण दाबते, पण फोटोत त्याची पाठ येते. निम्मे फोटो हललेले असतात. सुरुवात कुठून करू?

बाई (शिक्षिका होतात म्हणून बाईच म्हणते), ती पुस्तिका तूर्त कपाटात ठेवा. मेनूत चुकीचं काही दाबलं गेलं म्हणून कॅमेरा बिघडत नाही. फारच गोंधळ झाला तर सगळं मूळपदावर आणणारा ‘रीसेट’ मेनूतच असतो. जपायचं फक्त ‘फॉरमॅट’ला, कारण त्यानं कार्डावरचं सगळं पुसलं जातं.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि तारीख-वेळ बरोबर लावा. तारखेकडे लोक दुर्लक्ष करतात. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ती वेळ आपोआप लिहिली जाते आणि पुढे हजारो फोटोंतून नातवाचा पहिला दात शोधायचा झाला की तीच उपयोगी पडते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच बटणात आहे. फोटो काढायचं बटण दोन टप्प्यांत दबतं. हलकेच दाबलंत की अर्ध्यावर बोटाला किंचित अडल्यासारखं जाणवतं, तो पहिला टप्पा. तिथे बोट थांबवलं की कॅमेरा कामाला लागतो. समोरची वस्तू किती लांब आहे ते पाहून लेन्स पुढेमागे सरकवतो, उजेड मोजतो, फ्लॅश लागेल का ते ठरवतो. झालं की स्क्रीनवर हिरवी चौकट येते, बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘पिप्’ असा आवाजही होतो. मग उरलेलं अर्धं बटण दाबलं की फोटो जवळजवळ त्याच क्षणी निघतो. तुम्ही एका झटक्यात पूर्ण दाबता तेव्हा ही सगळी कामं कॅमेऱ्याला तुमच्या दाबण्यानंतर करावी लागतात. प्रकाश कमी असला आणि कॅमेरा जुना असला तर त्यात अर्धा-एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात नातू वळलेला असतो.

म्हणून पहिला दिवस फोटो काढूच नका. टेबलावर कप ठेवा, कॅमेरा त्याच्यावर धरा, अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या, बोट सोडा. असं वीस वेळा करा. ते अडणं बोटाच्या ओळखीचं झालं पाहिजे, अंधारातसुद्धा. चौकट हिरवी होण्याऐवजी लाल किंवा पिवळी लुकलुकली तर कॅमेऱ्याला नीट पकडता आलेलं नाही. म्हणजे तुम्ही फार जवळ आहात, उजेड कमी आहे किंवा समोर कोरी भिंत आहे. कोऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला धरायला रेघ किंवा कड सापडत नाही. वस्तूच्या कडेवर धरून बघा, लगेच पकडेल.

दुसऱ्या दिवशी नातवाला बोलवा. तो बसलेला असताना चेहऱ्यावर कॅमेरा धरून अर्धं दाबा आणि थांबा. मनाजोगतं हसू आलं की उरलेलं दाबा. मधल्या वेळात तो पुढेमागे सरकला तर बोट सोडून पुन्हा अर्धं दाबा, कारण अंतर बदललेलं असतं.

हललेल्या फोटोंबद्दल. माझ्या वडिलांनी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा त्यांचे चाळीसेक फोटो मी मोठ्या स्क्रीनवर ओळीनं लावून पाहिले. सगळे एकाच दिशेनं तिरके फरपटलेले होते. त्यांना समोर बसवून एक फोटो काढायला सांगितला आणि कारण दिसलं. ते उजव्या हाताच्या बोटानं बटण ठोकायचे, टाइपरायटरवर ठोकावं तसं, आणि त्या धक्क्यानं कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली जायची. बोटाचं टोक नको, पेराचा मऊ भाग बटणावर ठेवा आणि पिळल्यासारखं दाबा. डावा हात कॅमेऱ्याखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली. पट्टा मनगटात हवाच. आणि फोटो निघाल्यावर लगेच हात खाली घेऊ नका, मनात ‘एक’ म्हणून मग घ्या. वडिलांचे फोटो त्याच संध्याकाळी सुधारले.

घरातल्या अंधुक उजेडात एवढं करूनही पळणारं मूल हललेलंच येईल. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, नातवाचं पळणं नाही. पळतं मूल थांबवायला शटर (फोटोपुरता उजेड आत सोडणारी झडप) १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं आणि त्यासाठी उजेड हवा. त्याला खिडकीजवळ खेळायला बसवा. खिडकी त्याच्या पाठीशी येऊ देऊ नका, बाजूला असू द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. कपाटात बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. चालू होतो, पण प्रत्येक वेळी तारीख विचारतो. नवीन ६४ जीबीचं कार्ड घातलं तर ‘कार्ड एरर’ म्हणतो. कार्ड खराब आहे का?

कार्ड खराब नसणार, मित्रा. तुझा कॅमेरा त्या कार्डापेक्षा वयानं मोठा आहे. एसडी कार्डं दिसायला सगळी सारखी, ३२ बाय २४ मिलिमीटरची, पण आतून तीन पिढ्यांची आहेत. साधं एसडी २ जीबीपर्यंत. त्याच्यापुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, ते २००६ मध्ये आलं. ३२ च्या वरचं ते एसडीएक्ससी, २००९ चं. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, जुना कॅमेरा नवं वाचू शकत नाही. कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या पुस्तिकेत फक्त ‘एसडी’ लिहिलं असेल तर २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड शोध. ‘एसडीएचसी’ असेल तर ८ किंवा १६ चं घे. घातल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट कर, संगणकावर नको. पण त्याआधी बाबांचं जुनं कार्ड कॅमेऱ्यात असेल तर त्यावर काय आहे ते संगणकावर उतरवून घे. तुझे स्वतःचे लहानपणचे फोटो त्यात असू शकतात.

तारखेचं असं, की कॅमेऱ्यात घड्याळासाठी वेगळा इवलासा सेल असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो. वर्षानुवर्षं कॅमेरा बंद राहिला की तो पूर्ण उतरतो. चार्ज केलेली बॅटरी एक-दोन दिवस आत राहू दे आणि मग तारीख लाव. तरीही विसरत असेल तर तो छोटा सेल संपलाय. फोटो मात्र निघतील.

आणखी दोन गोष्टी नीट ऐक. बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेव. मध्ये फुगलेली दिसली, टेबलावर डुगडुगली, तर ती वापरायची नाही, चार्जही करायची नाही. मोठ्या माणसाला दाखव. दुसरं, हा कॅमेरा कव्हरमध्ये असताना चालू करू नकोस. लेन्स बाहेर यायला धडपडते, अडते आणि आतले बारीक दाते मोडतात. लेन्स अडकल्यानं कायमचे बंद पडलेले कॅमेरे मी खूप पाहिले, आणि त्यातले कितीतरी पिशवीत चुकून चालू झालेले होते.

प्रश्न : मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून फ्लॅश मारून फोटो काढले. रंगमंच काळा, पुढच्यांची डोकी पांढरीफटक. रात्री अंगणात काढलेल्या फोटोंत हवेत गोल पांढरे ठिपके आहेत. घरचे लोक त्याबद्दल भलतंसलतं बोलतात.

लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण ३ ते ४ मीटरपर्यंतच पुरतो. प्रकाश अंतराच्या वर्गानं कमी होतो. ३ मीटरवर जेवढा पोचतो त्याच्या चौथा हिस्सा ६ मीटरवर, आणि मागच्या रांगेतून रंगमंचापर्यंत जवळजवळ काहीच नाही. उलट समोरची डोकी मात्र उजळून निघतात आणि कॅमेरा त्यांच्यावरच भागवतो. कार्यक्रमात फ्लॅश बंद ठेवा, विजेच्या खुणेवर आडवी रेघ असते ते सेटिंग. रंगमंचावर दिवे असतातच. कॅमेरा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि नाचणारी क्षणभर थबकते तो ठेका पकडा. प्रत्येक नाचात असे ठेके येतात आणि आईला ते आधीच पाठ असतात. अर्धं बटण दाबून त्याची वाट बघा.

ठिपके म्हणजे धूळ किंवा दवाचे बारीक थेंब. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे लेन्सच्या चार-सहा बोटांवर तरंगणारा कण झगझगीत उजळतो. तो फोकसच्या बाहेर असल्यानं फुगून गोल दिसतो. फ्लॅश बंद करून तिथेच दुसरा फोटो काढा आणि घरच्यांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. डोळे लाल येतात तेही फ्लॅश लेन्सजवळ असल्यामुळेच. अंधारात बाहुली मोठी झालेली असते आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून लाल प्रकाश थेट लेन्समध्ये परततो. खोलीतले दिवे लावले की बाहुली लहान होते आणि लाली बरीच कमी होते.

प्रश्न : नवा कॅमेरा घ्यायचा आहे. एकात २० मेगापिक्सेल आणि ४० पट झूम, दुसऱ्यात २० मेगापिक्सेल आणि जेमतेम ३ पट झूम, तरी दुसरा महाग. असं का?

कारण मेगापिक्सेल (एक म्हणजे दहा लाख ठिपके) सारखे असले तरी ते ज्या तुकड्यावर बसवलेत तो सारखा नाही. त्या तुकड्याला सेन्सर म्हणतात. पहिल्या कॅमेऱ्यात बहुधा १/२.३ इंची सेन्सर असेल. म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. दुसऱ्यात ज्याला १ इंची म्हणतात तो असेल, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. त्याची कुठलीच बाजू एक इंच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून नाव चिकटलंय. पण क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट आहे. तेवढेच पिक्सेल चौपट जागेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त उजेड. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत हा फरक उघड दिसतो. लहान सेन्सर तिथे दाणेदार, चिखलासारखा फोटो देतो.

मेगापिक्सेलची गरज किती, ते स्वतःच मोजा. ६ बाय ४ इंचांच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर १८०० गुणिले १२००, साडेएकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत. १० बाय ८ ला ७२ लाख पुरतात. काउंटरवर मी ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून इतके सुरेख प्रिंट काढून दिलेत की हा आकडा पाहून खरेदी करू नका असं मी आजही कळकळीनं सांगते. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात १०० गुणिले १०० ठिपके होते, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. फोटो कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून आपण फार पुढे आलोय. आज कुठलाही लहान कॅमेरा घरच्या आल्बमसाठी पुरेसे पिक्सेल देतो.

घरातली माणसं, मुलं, संध्याकाळचे प्रसंग काढायचे असतील तर मी डोळे झाकून मोठ्या सेन्सरचा घेईन. पक्षी किंवा मैदानावरचे खेळ काढायचे असतील तर लांब झूमला पर्याय नाही, मग पहिला घ्या आणि भर उजेडात वापरा. झूमचा आकडा वाचताना ‘ऑप्टिकल’ शब्द बघा, म्हणजे लेन्सनं होणारा झूम. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं, ते घरी संगणकावरही करता येतं. मेनूत जाऊन तो बंदच करून टाका.

प्रश्न : आमची पांढरी मांजर फोटोत राखाडी येते आणि काळा कुत्रा मळकट तपकिरी. कॅमेरा परत करू का?

नको, कॅमेरा चांगला आहे. त्याला मांजर कळत नाही, समोरून येणारा उजेड तेवढा कळतो, आणि समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार असं धरून तो चालतो. पांढऱ्या चादरीवर पांढरी मांजर दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो गडद करतो. काळ्या कुत्र्याच्या वेळी उलटं.

डायल ऑटोवरून ‘पी’वर (प्रोग्रॅम) आणा. मग अधिक-उणेची खूण असलेलं बटण चालू होईल. मांजरीला +१, कुत्र्याला −१, आणि स्क्रीनवर बघून थोडं इकडेतिकडे. मांजरीच्या पाठीवरचे केस वेगवेगळे दिसेनासे होऊन नुसता पांढरा डाग झाला तर अधिक झालं, +२/३ वर या. काम झाल्यावर आकडा आठवणीनं शून्यावर आणा. ही चूक काउंटरवर रोज यायची. एका संध्याकाळचं +१ तसंच राहायचं आणि पुढची सगळी सहल फिक्कट.

दिव्याखाली सगळं पिवळं येत असेल तर मेनूत व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा सुधारणारं सेटिंग) आहे, तिथे बल्बचं चित्र निवडा.

प्रश्न : चुकून सगळे फोटो डिलीट झाले. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण आत्ता, हे वाचताय तोवर कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढा. त्याच्या कडेची ‘लॉक’ची बारीक पट्टी खाली सरकवा. डिलीट केल्यावर फोटो लगेच नष्ट होत नाही, फक्त त्याची जागा रिकामी अशी नोंद होते. त्यावर नवा फोटो काढलात की मग तो खरोखर जातो. फोटो परत मिळवणारी सॉफ्टवेअर असतात, कार्ड रीडरला लावून चालवा आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर उतरवा.

यापुढे प्रत्येक वेळी उतरवताना तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करा. कॅमेरा फाइलींना चार अक्षरं आणि चार आकडे देतो, ९९९९ झाले की पुन्हा ०००१. माझ्या धाकट्या बहिणीनं एकाच फोल्डरमध्ये सगळं उतरवलं, संगणकानं ‘जुनी फाइल बदलू का’ विचारलं आणि तिनं ‘हो’ म्हटलं. आजीचे शेवटच्या वर्षातले अकरा फोटो त्यात गेले. मी खूप प्रयत्न केला. तीन परत मिळाले.

प्रश्न : वय ७४. हात कापतो, औषध चालू आहे. बागेतली फुलं जवळून काढायची फार इच्छा आहे, पण प्रत्येक फोटो हललेला. आता हा नाद सोडावा का?

काका, सोडू नका. फुलं जागची हलत नाहीत, तुम्हाला हवा तेवढा वेळ देतात. कॅमेरा हातात धरायचाच नाही असं ठरवू.

एका कापडी पिशवीत दोन मुठी धान्य भरून तोंड शिवून घ्या. ही पिशवी कुंडीच्या कडेवर, उलट्या बादलीवर, विटांवर कुठेही ठेवा आणि कॅमेरा तिच्यात दाबून बसवा. हवा तसा कलतो आणि तिथेच राहतो. कॅमेऱ्याच्या तळाला १/४ इंचाचं स्क्रूचं भोक असतं, त्यात बसणारा वीतभर उंचीचा ट्रायपॉड मिळाला तर आणखी सोय.

आता फुलाची खूण असलेलं मॅक्रो सेटिंग लावा. ते लावलं नसेल तर लहान कॅमेरा साधारण अर्ध्या मीटरच्या आत नीट पकडत नाही. झूम अजिबात करू नका, कारण बहुतेक लहान कॅमेरे झूम पूर्ण मागे असतानाच काही सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतात. फ्लॅश बंद. सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो. मग सेल्फ टायमर लावा. त्यात १० सेकंद आणि २ सेकंद असे दोन पर्याय असतात, तुम्हाला २ चा हवा. बटण दाबताना हात कापला तरी काही बिघडत नाही, कॅमेरा डुगडुगेल आणि त्या दोन सेकंदांत स्थिर होईल.

अर्धं दाबून चौकट पाकळीवर हिरवी झाली का ते बघा. झाली की पूर्ण दाबा, हात काढून मांडीवर ठेवा. समोरचा बारीक दिवा लुकलुकत राहील. तो थांबला की फोटो निघालेला असेल.